व्हयबाई

नाव नकोशी, पण जन्मात कधी कुणाला 'नको' म्हणाली नाही. चार पोरींवर पाचवी झाली, म्हणून आईबापांनी देवाच्या कानावर जावं अशा बेतानं हे नाव ठेवलं. देवानं ऐकलं की नाही देव जाणे, पाठीवर भाऊ काही आला नाही. नाव तेवढं चिकटून राहिलं. अंथुर्णे गावात मात्र तिला 'व्हयबाई' म्हणूनच जास्त ओळखायचे, कारण काहीही विचारा, ती 'व्हय' म्हणायची. ऊन लागतंय का? व्हय. का आभाळ आलंय? व्हय. अगं, ऊन का आभाळ? व्हय, व्हय.

लोक हसायचे. पण त्या 'व्हय'च्या मुळाशी काय आहे ते बघायला कुणाला सवड नव्हती. मुळाशी भीती होती, नुसती भीती. पालीला भ्यायची, बँकेतल्या शिपायाला भ्यायची, वीज गेली की भ्यायची आणि आली की दचकायची. सगळ्यात जास्त भ्यायची ती माणसाच्या चढलेल्या आवाजाला. आवाज चढला की पोटात गोळा यायचा, जीभ टाळूला चिकटायची आणि त्यातून एकच शब्द सुटायचा. समोरच्याचं समाधान झालं की गोळा खाली बसायचा. पन्नाशी ओलांडली बाईनं, पण ही खोड काही गेली नाही.

आता गंमत बघा, ती ख्रिस्ताची झाली तीही या खोडीपायीच. अकरा वर्षांमागची गोष्ट. नवरा नुकताच गेला होता आणि ती वालचंदनगरला कंपनीच्या क्वार्टरच्या गल्ल्यांमधून मेथी-शेपू विकत हिंडायची. एक दिवस कुत्रं मागं लागलं. डोक्यावरची पाटी सावरत ती जे दार उघडं दिसलं त्यात शिरली. आत चटईवर आठ-दहा माणसं बसलेली, आणि कंपनीत फिटर असलेले संदेशभाऊ हातात शास्त्र, म्हणजे बायबल, घेऊन उभे. त्यांनी विचारलं, "प्रार्थनेला आलात का, बाई?"

नकोशी दुसरं काय म्हणणार? "व्हय."

मग बसली. उठायची सोय नव्हती, कुत्रं दारातच होतं. भाऊ वाचत होते आणि वाचता वाचता त्यात शब्द आले, "भिऊ नको." ती दचकली. जरा वेळानं पुन्हा तेच, "भिऊ नको." तिला वाटलं, हा माणूस आपल्यालाच हाक मारतोय, अर्ध्या नावानं. जन्मभर 'नको' हा शब्द तिच्या वाट्याला आला तो हिडीसफिडीस करत. त्या दिवशी पहिल्यांदा तो मायेनं आला. पाटीतली मेथी सुकून गेली तरी बाई उठली नाही. पुढच्या रविवारी ती कुत्र्याशिवाय आली.

त्याची किंमत तिला मोजावी लागली. तिची भावकी मूळची मेंढरं राखणारी, बिरोबाला मानणारी. हिनं कपाळाला भंडारा लावायचं सोडलं तसं भावकीनं तिच्या उंबऱ्याला पाय लावायचं सोडलं. लग्नाकार्याचं बोलावणं बंद झालं. एकटा म्हस्कूतात्या तेवढा बोलत राहिला. सत्तरीला टेकलेला हा म्हातारा आणि ती, दोघं गावातले बागायतदार आबासाहेब यांच्या शेतावर कामाला. तात्या म्हणायचा, "तुजा देव तुज्यापाशी, माजा माज्यापाशी. भाकरी तर एकाच चुलीवरची खातो न्हवं?" आणि फुलाबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, भाजलेल्या दोन भाकरी तिच्या पदरात टाकायचा.

नकोशी शेतावरच, अवजारांच्या शेडला लागून असलेल्या खोलीत राहायची. खोली आबासाहेबांची. तिला लेकरूबाळ नाही, माहेर उरलेलं नाही. ती खोली गेली तर पाठ टेकायला जागा नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आणि एक गोष्ट सांगायची राहिली. गाव तिला हसायचं, पण तिच्या शब्दाला मान होता. "येशूची बाई हाय ती, खोटं बोलायची न्हाय," असं बायका पाणी भरताना म्हणायच्या. म्हणजे बाई भित्री, आणि तिच्या 'व्हय'वर खरेपणाचा शिक्का. घोळ झाला तो इथंच.

गेल्या कार्तिकातली गोष्ट. आबासाहेबांचा दीड एकर टोमॅटो तारेवर चढवलेला, फुलं धरलेली, बघत राहावा असा. सोमवारी त्यावर औषध मारायचं होतं. शेडमध्ये फवारणीचे तीन पंप. त्यातल्या एकाला लाल पट्टी चिकटवलेली, कारण त्यानं उसातलं तणनाशक मारायचे. शेती करणाऱ्या कुणालाही विचारा, तणनाशकाचा पंप भाजीपाल्याला लावत नाहीत. दहा वेळा धुतला तरी लावत नाहीत. तळाशी थेंबभर राहिलं तरी टोमॅटोची वाट लागते.

त्या सोमवारी फवारायला दोघं होते. एक म्हस्कूतात्या आणि दुसरा आबासाहेबांचा मुलगा दिग्विजय, ज्याला दुपारच्या आत बारामतीला पोचायचं होतं. एकाआड एक सरी घेऊन दोघं मारत सुटले. नकोशी दोघांच्या पंपात पाणी ओतायला. तात्याचा पंप निळा, बिनपट्टीचा. दिग्विजयनं कानाला मोबाइल लावून हाताला लागला तो उचलला होता. नकोशीनं पाणी ओतायला बादली तिरपी केली आणि तिला पट्टी दिसली. लाल.

तिनं तोंड उघडलं. "दादा, ह्यो..."

"काय?" दिग्विजयनं मोबाइल बाजूला करून भुवया चढवल्या. आवाजही चढला.

"कुटं काय," ती म्हणाली, आणि तिनं बादली पंपात रिकामी केली.

गुरुवारी शेंडे पिळवटले. पानं बारीक होऊन शेपूसारखी झाली. एक सरी चांगली, एक सरी जळालेली, असं सबंध रान. औषधाच्या दुकानदारानं बांधावरूनच सांगितलं, "आबा, तणनाशकाचा पंप लागलाय." आबासाहेब रांगडे, पण वाईट माणूस नव्हेत. रान मात्र त्यांचा जीव की प्राण. शुक्रवारी सकाळी त्यांनी तिघांना शेडपुढं उभं केलं. कोण कुठल्या सरीत होतं हे चार दिवसांनी कुणाच्या ध्यानात असणार?

दिग्विजय वडिलांकडे न बघता म्हणाला, "लाल पट्टीचा तात्याच्या पाठीवर हुता. मी बघितला, पण मला वाटलं धुतला आसंल."

म्हस्कूतात्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. लाल काय आणि निळं काय, त्याला सगळं राखी दिसायचं. तरी तो म्हणाला, "न्हाय आबा, मी माजाच घेतला हुता. त्याचा पट्टा मी दोरीनं बांधलाय, हाताला कळतो."

आबासाहेबांनी मान वळवली. त्यांचा आवाज सगळ्या शेडभर झाला. "नकोशे, तू पाणी वतत हुतीस. लाल पंप म्हस्कूच्याच पाठीवर हुता न्हवं?"

आणि नकोशी म्हणाली, "व्हय."

तिला म्हणायचं नव्हतं. देवाशप्पथ म्हणायचं नव्हतं. पण सुटलेला शब्द आणि सुटलेलं ढोर, हाकेसरशी माघारी येत नाही.

आबासाहेबांनी निवाडा गावच्या रिवाजाप्रमाणे ठेवला. रविवारी अकरा वाजता बिरोबाच्या देवळापुढं म्हस्कूनं भंडारा उचलायचा. भंडारा म्हणजे देवाच्या पायावरची हळद. ती मुठीत घेऊन माणूस खोटं बोलला तर त्याच्या घरादाराचं वाटोळं होतं, असं मानणारं हे गाव. भंडारा उचलून 'मी त्या पंपाला हात लावला न्हाय' म्हणाला, तर विषय मिटला. नाही उचलला, तर बावीस वर्षांची चाकरी सोडून त्यानं आणि फुलाबाईनं शेतावरून निघायचं.

नकोशीला जरा हायसं वाटलं. तात्या खरा आहे, उचलेल आणि सुटेल. आपल्याला तोंड उघडायला नको. दिवसभर तिनं स्वतःची अशी समजूत घातली. भित्रं माणूस समजूत घालण्यात मोठं पटाईत असतं.

शनिवारी सकाळी तात्या बांधावर बसलेला दिसला. ती भाकरीचं फडकं घेऊन गेली, तर त्यानं हात लावला नाही. म्हणाला, "मी उद्या भंडारा उचलत न्हाय, पोरी."

"का वो, तात्या?"

"तू 'व्हय' म्हणलीस ना. दिग्या म्हणला तवा वाटलं, पोरगं आपली कातडी वाचवतंय. पर तू खोटं बोलत न्हाय. मंग मीच चुकलो आसंन. डोळं गेलं, आता टकुरं बी चाललंय." त्यानं स्वतःच्या तळव्यावरून अंगठा फिरवला. "त्या पट्ट्याची दोरी हाताला लागल्याली आठवतीया मला. पर ती आठवण बी खोटी आसंल. दिपालीला नववा लागलाय. बापानं खोटा भंडारा उचलला आन् लेकीच्या पोटातल्याला काय झालं तर? त्यापरीस आळ घेतो आन् जातो."

नकोशीच्या हातातलं फडकं खाली पडलं. तिनं म्हाताऱ्याची चाकरी घालवली होतीच, पण त्याच्या हाताला जे खरं लागलं होतं तेही तिनं काढून घेतलं होतं. आणि कशाच्या जोरावर? प्रभूच्या नावावर गावात मिळालेल्या विश्वासाच्या जोरावर. सांगावं, आत्ता सांगावं, असं मनात आलं. पण ती फडकं उचलून खोलीवर आली.

दुपारी दारात मोटारसायकल थांबली. दिग्विजय उतरला नाही. आवाजही चढवला नाही, आणि त्याचीच तिला जास्त धास्ती वाटली.

"मावशी, उद्या रविवार. प्रार्थनेला जाणार ना? निवांत जा. सांजचं आलीस तरी चालंल. देवळाकडं यायचं काय काम न्हाय." मग खोलीच्या भिंतीवरून त्यानं नजर फिरवली. "पत्रा गळतोय वाटतं. बघू, करून घिऊ. आन् तुमच्या त्या प्रार्थनेचं बी काय पोरं इचारत्यात, कुणाला बाटवत्यात का म्हणून. मीच गप बसवलंय त्यास्नी."

"व्हय," नकोशी म्हणाली.

रविवारी ती पहिल्या जीपनं वालचंदनगरला आली. संदेशभाऊंच्या घरी पुढं स्टुलावर पांढरं कापड अंथरलेलं असायचं आणि ज्याला जे जमेल ते तिथं ठेवायचं. नकोशी दर रविवारी किलोभर ज्वारीचं गाठोडं आणायची. आजही मांडीवर गाठोडं होतं, पण तिचं चित्त भिंतीवरच्या घड्याळात. साडेनऊ झाले. तिला वाटत होतं, काटा पळावा, अकरा वाजून जावेत, जे व्हायचं ते आपल्या माघारी होऊन जावं.

संदेशभाऊंना कशाची खबर नव्हती. त्यांनी नेहमीप्रमाणे ओळीनं आलेला भाग वाचला आणि साध्या भाषेत सांगायला लागले. "देवापुढं अर्पण घेऊन आलास आणि तिथं तुला आठवलं, की आपल्या भावाचं आपण काही वाईट केलंय. तर प्रभू म्हणतो, अर्पण तिथंच ठेव. आधी जा, त्याच्याशी समेट कर, मग येऊन वाहा. आणि प्रभू असंही म्हणतो, शपथा घेऊ नका. तुमचं होय ते होय असावं, नाही ते नाही असावं."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. रविवारी माना डोलवायला काय लागतं? पण नकोशीनं हे भलतंच शब्दशः घेतलं. ती उठली. गाठोडं स्टुलाजवळ जमिनीवर ठेवलं आणि दाराकडं निघाली.

"नकोशीबाई, बरं वाटत नाही का?" भाऊंनी विचारलं.

"ठेव आन् जा म्हणला ना तुमी," ती म्हणाली. "मंग ठेवलं. जाते."

बाहेर येऊन बघते तर जीप नाही. रविवारी जीपा कमी, आणि आली तरी भरल्याशिवाय हलायची नाही. सात किलोमीटर रस्ता. ती चालायला लागली.

लोक पुढं म्हणाले, बाईच्या अंगात देवाचं बळ आलं. कसलं बळ! उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर मागून आला की ती रस्ता सोडून चरात उतरायची. कालव्याच्या पुलावर तिनं मागं वळून पाहिलं. परत फिरावं. दिग्विजय पोरं घेऊन क्वार्टरवर आला तर? भाऊंच्या लेकरांना काही केलं तर? आपण राहायचं कुठं? देवानं धीर द्यावा म्हणून ती सारखी पुटपुटत होती, पण धीर काही येईना. येत होतं ते एवढंच, की अजून एक पाऊल टाक. ते टाकलं की पुढचं. वाटेत एका वस्तीवरचं कुत्रं धावून आलं. अकरा वर्षांपूर्वी ती पळाली होती. आज पळायला वेळ नव्हता. ती रडत रडत तशीच चालत राहिली आणि कुत्रं भुंकून भुंकून थांबलं.

देवळापुढं पंधरा-वीस माणसं जमली होती. त्यात तिची भावकी होती, अकरा वर्षं तिच्याशी न बोललेली. पायरीवर आबासाहेब, बाजूला दिग्विजय. पुजाऱ्यानं भंडाऱ्याची परात पुढं धरलेली आणि परातीपुढं म्हस्कूतात्या, मान खाली घालून, हात मागं बांधून. मागं फुलाबाई पदर तोंडाला लावून उभी.

"उचलतोस का म्हस्कू?" आबासाहेब विचारत होते.

"न्हाय आबा. माजं चुकलं आसंल. मी..."

"न्हाय."

सगळ्यांनी मागं बघितलं. पायऱ्यांच्या खाली, धुळीनं माखलेली, धापा टाकणारी व्हयबाई उभी होती. आपल्या तोंडून काय निघालं ते तिलाही नीट उमगलं नव्हतं. एवढी वर्षं न वापरलेला शब्द, गंजलेल्या कडीसारखा करकरत निघाला होता.

"न्हाय, आबा," ती पुन्हा म्हणाली. "तात्याचं चुकलं न्हाय. तात्याच्या पाठीवर निळा पंप हुता, दोरी बांधल्याला. लाल पट्टीचा दिगूदादांच्या पाठीवर हुता. त्यात पाणी मी वतलं. पट्टी मी बघितली. बघून गप बसले."

दिग्विजय पुढं सरकला. "मावशी, काय बडबडतीस?"

आबासाहेबांनी हातानंच त्याला अडवलं. त्यांचा आवाज चढला, तोच, शेडभर होणारा. "मंग परवा व्हय का म्हणलीस?"

"भ्याले."

"आन् आज भीत न्हाईस?"

"लई भ्यालेय," नकोशी म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "उभं ऱ्हावंना झालंय मला."

"एक दिस व्हय, एक दिस न्हाय. कुठलं खरं धरायचं आमी?" आबासाहेबांनी परातीकडं बोट केलं. "हात घाल भंडाऱ्यात आन् मंग बोल."

सगळी माणसं तिच्याकडं बघत राहिली. हळदीत हात घातला की सुटका होती, आणि भावकीही परत मिळाली असती कदाचित. नकोशीनं दोन्ही हात पदराखाली घेतले. "न्हाय, आबा. माज्या प्रभूनं शपथ घ्यायची न्हाय म्हणून सांगितलंय. तुमच्या देवाचा अवमान न्हाय करत मी. पर मला नुसतं 'व्हय' आन् नुसतं 'न्हाय', एवढंच हाय. त्यातलं 'व्हय' मी नासवलं. 'न्हाय' तेवढं ऱ्हायलंय. ते घ्या."

कुणीतरी मागं फिसकन हसलं. हिनं एवढी वाट तुडवली आणि हाती काय आलं? बिनभंडाऱ्याचा शब्द गावात कोण घेतो?

घेतला एकानं. म्हस्कूतात्यानं मान वर केली. त्या राखी डोळ्यांना ती दिसत नव्हती, पण तो आवाजाच्या दिशेनं बघत होता. "नकोशीनं न्हाय म्हणलं," तो हळूच म्हणाला. "आरं, ही कदी न्हाय म्हणती का?" आणि त्याचे पाठीमागं बांधलेले हात सुटले. उजवा हात त्यानं मनगटापर्यंत परातीत घातला, मूठ भरून वर उचलली. हात जराही कापला नाही. "बिरोबाच्या साक्षीनं, मी त्या पंपाला हात लावला न्हाय. दोरी माज्या हाताला लागली हुती."

फुलाबाई हुंदका देऊन खाली बसली.

आबासाहेब मुलाकडं बघत राहिले. परात तिथंच होती, हळद तिथंच होती. दिग्विजय मोबाइल काढून त्यात बघू लागला. त्याला कुणी 'उचल' म्हणालं नाही, आणि म्हणायची गरजही उरली नव्हती.

"म्हस्कू, उद्या कामावर ये," आबासाहेब म्हणाले. पायऱ्या उतरून नकोशीजवळ आले, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. चारचौघांत लेकाची अब्रू गेली होती, आणि माणूस कितीही न्यायाचा असला तरी बापही असतोच. ते तिच्याकडं न बघता बोलले. "तू मातर खोली रिकामी कर. रोज तुजं तोंड बघणं मला व्हायचं न्हाय."

"व्हय, आबा," नकोशी म्हणाली.

तो मात्र खरा व्हय होता. शनिवारच्या आत तिनं खोली रिकामी केली. दोन पातेली, एक वाकळ, एक पत्र्याची पेटी. फुलाबाईनं आपल्या झोपडीचा आडोसा तिला दिला, पण शेत आबांचं, तिथं किती दिवस निभावणार हे कुणालाच सांगता येत नव्हतं. कुठं काम मिळेल का म्हणून ती पिंपळीपर्यंत विचारून आली होती. दारातून मोटारसायकल गेली की अजून तिच्या पोटात गोळा यायचा.

पुढच्या रविवारी ती क्वार्टरवर गेली. बघते तर गाठोडं स्टुलाजवळ जमिनीवर, तिनं ठेवलं होतं तिथंच. भाऊंनी आठवडाभर कुणाला हलवू दिलं नव्हतं. झाडतानासुद्धा त्याच्या भोवतीनं झाडलं होतं. ज्वारीला मुंग्या लागल्या होत्या. नकोशीनं ते उचललं, मुंग्या झटकल्या आणि पांढऱ्या कापडावर ठेवलं.

संदेशभाऊंनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "झाला समेट?"

"व्हय."

"आणि भीती? गेली का?"

नकोशीनं जरा विचार केला. दारात ते जुनं कुत्रं येऊन बसलं होतं, आता म्हातारं झालेलं.

"न्हाय," ती म्हणाली, आणि चटईवर आपल्या जागी बसली.